शेवटच्या रांगेतली वायरमन

तिच्या परवान्यावर 'वायरमन' असं छापलेलं आहे. खाली तिचा फोटो. केस घट्ट बांधलेले, कपाळावर आठी. परवाना देणाऱ्या कचेरीत बाईसाठी वेगळा शब्द नव्हता. तिने मागितलाही नाही. तेव्हापासून आमच्या नाटकमंडळात तिला सगळे वायरमनच म्हणतात. वायरमन आली, वायरमन चिडली, वायरमनचा चहा कुठाय. नवा माणूस दोन दिवस गोंधळतो. मग त्याचीही जीभ वळते.

तिचं वय एकेचाळीस. वडील नाटकांचे दिवे लावायचे, त्यांच्या हाताखाली ती शिकली. धाकटा भाऊ आणि वहिनी यांच्यासोबत तळमजल्यावरच्या तीन खोल्यांत राहते. लग्न केलं नाही. कोणी फार खोदून विचारलं तर सांगायची, लोकांना संध्याकाळी घरी असणारी बाई हवी असते.

मी त्याच मंडळात प्रॉम्प्टर. विंगेत बसून नटांना विसरलेली वाक्यं पुरवतो. साहित्यात एम.ए. केलंय, म्हणून ती मला एम.ए. अशीच हाक मारते. माझ्या हातात पहिल्यांदा केबल दिली तेव्हा म्हणाली होती, "एम.ए., ही नुसती धर. हिचं रसग्रहण करू नकोस."

आमच्याकडे चाकांची उंच शिडी आहे. नियम असा की एक दिवा लावून झाला की माणसाने खाली उतरायचं. शिडी पुढच्या दिव्याखाली ढकलायची. मग पुन्हा चढायचं. बावीस दिवे म्हणजे बावीस वेळा चढउतार. हा नियम आमच्यात कोणीच पाळत नसे. माणूस वरच थांबतो, छताखालच्या लोखंडी बारला हात टेकवतो आणि खालचे शिडी ढकलतात. ती वरून "चल" म्हणायची. आम्ही ढकलायचो. पंधरा मिनिटं वाचायची.

गेल्या वर्षी एका रविवारी दुपारचा प्रयोग होता. शिडीच्या एका बाजूला मी होतो, दुसऱ्या बाजूला दिग्दर्शक. सोळावा दिवा झाला. ती "चल" म्हणाली. आम्ही ढकललं. चाक रंगमंचावरच्या चटईच्या दुमडीत अडकलं. शिडी थांबली. ती थांबली नाही.

चौदा फूट. खाली नेपथ्यातल्या लाकडी पायऱ्या होत्या. तिची पाठ त्यांच्या कडेवर आपटली. आवाज फार मोठा नव्हता.

ती शुद्धीवर होती. आधी म्हणाली, दिवा वाकडा राहिला. मग थोड्या वेळाने विचारलं, "माझे पाय कुठायत रे?" पाय तिथेच होते. आम्हाला वाटलं, चेष्टा करते आहे.

दुसरी घंटा झाली होती. प्रेक्षक दाराशी येऊन उभे होते. कोणीतरी म्हणालं, स्टेज मोकळं करा. आणि आम्ही मोकळं केलं. मी तिच्या काखांत हात घातले, दिग्दर्शकाने गुडघे धरले. ती मध्ये पोत्यासारखी वाकली. विंगेतल्या बाकावर तिला बसवलं. पाणी पाजलं. मग तशीच वाकवून गाडीच्या मागच्या सीटवर घातली. चार पावलांवर नेपथ्यातलं एक दार भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं. सरळ, सपाट, सहा फुटांचं. तिला त्यावर झोपवता आलं असतं. ते आमच्यापैकी कोणालाच दिसलं नाही.

कंबर लचकली असेल असं समजून मंडळींनी प्रयोग केलासुद्धा.

रुग्णालयात डॉक्टरबाईंनी मला विचारलं, "उचललंत कसं?" मी हात करून दाखवलं. त्या माझ्या हातांकडे बघत राहिल्या. मग लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. पडलेल्या माणसाला पाय हलवता येत नसतील, मान किंवा पाठ दुखत असेल, तर त्याला हलवायचं नाही. बसवायचं तर मुळीच नाही. डोकं धरून ठेवायचं आणि रुग्णवाहिकेची वाट बघायची. हलवावंच लागलं, तर चारपाच जणांनी, एकाच्या हुकुमावर, डोकं, मान, पाठ एका रेषेत ठेवून कुशीवर वळवायचं आणि खाली फळी सरकवायची.

मी विचारलं, आमच्यामुळे झालं का?

"बहुतेक पडतानाच झालं असेल," त्या म्हणाल्या. "पण तुमच्या उचलण्याने त्यात किती भर पडली, ते आता कोणालाच सांगता येणार नाही."

हे वाक्य मला पाठ आहे. मला दुसऱ्यांची वाक्यं पाठ ठेवायचीच सवय आहे, पण हे मी कोणाला पुरवू शकत नाही.

कमरेच्या वरचा एक मणका फुटला होता. त्याचा तुकडा आत घुसून मज्जारज्जू चेपला गेला होता. त्याच दिवशी शस्त्रक्रिया झाली. तुकडा काढला, वरखाली स्क्रू आणि दांड्या बसवून पाठ पक्की केली. डॉक्टरबाईंनी भावाला आणि वहिनीला बजावून सांगितलं, की हे हाडाचं काम झालं. मज्जारज्जू शिवता येत नाही. सूज उतरल्यावर थोडंफार परत येतं का ते बघायचं. पहिले काही महिने महत्त्वाचे.

तिला हे सांगितलं तेव्हा मी तिथे होतो. तिने डॉक्टरबाईंना विचारलं, वायर पूर्ण तुटलीय की आतल्या काही तारा शाबूत आहेत? त्यांनी टाचणीने तपासलं होतं. म्हणाल्या, बेंबीखाली काही कळत नाही, पूर्णच धरून चाला. वायरमन छताकडे बघत म्हणाली, "मी चाळीस ठिकाणी जोड दिलेल्या केबलवर प्रयोग काढलेत." डॉक्टरबाई म्हणाल्या, ही जोडता येत नाही. ती म्हणाली, "बरं. मग दुसरीकडून लाइन ओढू."

चौथ्या दिवशी मी तिच्याजवळ जाऊन सगळं बोलून टाकलं. शिडी, काखेतले हात, ते दार. तिने पूर्ण ऐकून घेतलं.

"ढकला असं कोण म्हणालं होतं?"

"तू."

"मग. हुकूम माझा होता. तुला माफी हवी असेल तर ती माझ्याकडे नाही, आणि असती तरी आज दिली नसती. मला इथे पाणी देणारा माणूस लागतो. अपराधी तोंड घेऊन यायचं असेल तर येऊ नकोस. रडायला माझी वहिनी आहे. ती चांगलं रडते."

वहिनी शेजारीच उभी होती. रडता रडता हसली.

मी पाणी दिलं. दुसऱ्या दिवशीही गेलो.

त्या वॉर्डात आठ खाटा होत्या. मला वाटायचं, पाठ मोडते ती उंचावरून पडूनच. एक गवंडी होता, तो खरंच परांचीवरून पडला होता. एकाची दुचाकी घसरली होती. एक कॉलेजकुमार उथळ पाण्यात सूर मारून मान मोडून आला होता. एका शिक्षिकेला काहीच लागलेलं नव्हतं. तिच्या मणक्यात क्षय शिरला होता. पाठ दुखते म्हणून ती वर्षभर मलम चोळत होती. वायरमनने तिसऱ्या दिवशी सगळ्यांची हजेरी घ्यायला सुरुवात केली. कोणाचा अंगठा हलला, कोणाला आज राग आला. राग आला असेल तर चांगलं, म्हणायची. गप्प पडलेल्याला ती सोडत नसे.

तिथे ती तीन महिने राहिली आणि नवं शरीर शिकली. शिकली म्हणजे पाठ केलं. दर दोन तासांनी कूस बदलायची. लघवी कळत नाही, म्हणून दर चार तासांनी हात धुऊन स्वतःच नळी घालायची. पोट साफ व्हायचं तर रोज एकाच वेळी. चाकाच्या खुर्चीत बसलं की दर वीस मिनिटांनी हातांवर अंग उचलायचं किंवा गुडघ्यांवर वाकून राहायचं, नाहीतर बुडाखालची कातडी सडते आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. सकाळ-संध्याकाळ आरसा धरून मागची कातडी बघायची. खांदे जपायचे, कारण पायांचं काम आता तेच करतात. पाय मधूनच ताठ होऊन उडतात. पहिल्यांदा उडाले तेव्हा वहिनी "हलले, हलले" करत डॉक्टरबाईंना बोलवायला धावली. ते चालण्याचं लक्षण नव्हतं. वायरमन म्हणाली, नाचू देत, त्यांना आता वरून हुकूम मिळत नाही.

आरसा धरणं वहिनीने स्वतःहून अंगावर घेतलं. कोणी सांगितलं नव्हतं.

घरी भावाने मनापासून केलं. उंबरे काढले. न्हाणीघराचं दार रुंद केलं, भिंतीला दांडे बसवले. तिची खाट आतल्या खोलीत, टीव्हीसमोर लावली. म्हणाला, "ताई, खूप केलंस. आता आराम कर."

"माझे दिवसाचे चार तास नुसते पोट आणि मूत्राशय खातात," ती म्हणाली. "उरलेल्यात काम करू की आराम?"

"कसलं काम? त्या बोर्डाच्या खोलीला एकोणीस पायऱ्या आहेत."

ते खरं होतं. नाट्यगृहात दिव्यांचा बोर्ड वरच्या काचेच्या खोलीत असतो. गोल लोखंडी जिना. तिथे खुर्ची जाणं अशक्य. आणि मंडळाचं नवं नाटक उभं राहत होतं. दिग्दर्शकाने दुसऱ्या एका प्रकाशवाल्याशी बोलणं सुरू केलं होतं. तो माणूस चांगला होता. एकदा बसला असता तर उठला नसता. तिला ते माहीत होतं, आम्हालाही.

तिने मला बोलावलं आणि टेप हातात दिली. बोर्ड खाली आणायचा. शेवटच्या रांगेमागे टेबल, वरून ऐंशी फूट केबल. मी मापं आणली. दिग्दर्शकाने हो-नाही करत एक तालीम बघायचं कबूल केलं. शिडीवर आता सुतार चढणार होता, पट्टा बांधून, आणि प्रत्येक दिव्यानंतर खाली उतरणार होता. तिने खालून काठीने दाखवायचं.

अपघाताला नऊ महिने झाले होते. ती तालीम साडेसहा तास चालली.

तिच्या खुर्चीत हवेची जाड गादी असते, कातडी वाचवणारी. त्या गादीवर बसल्यावर तिचे गुडघे टेबलाखाली जाईनात. बोर्डाचे मागचे खटके लांब पडत होते. तिने गादी काढून मला दिली. खाली पडद्याच्या कापडाची घडी घातली. मी ती काखेत धरून उभा राहिलो. तिच्या मनगटावरचं घड्याळ दर वीस मिनिटांनी वाजायचं. शांत प्रसंगात दोनदा वाजलं. दिग्दर्शकाने दोनदा वळून बघितलं. नाटकवाल्याला रंगमंचावर नको असलेला आवाज सहन होत नाही, मग तो कशाचाही असो. तिलाही नाही. तिने घड्याळ बंद केलं.

प्रकाश अप्रतिम झाला. दिग्दर्शक म्हणाला, तूच कर. ती गाडीत बसेपर्यंत शिट्टी वाजवत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीने आरसा धरला. डाव्या बाजूला, बसायच्या हाडावर, लाल चट्टा. दाबून बघितला, लाली गेली नाही. तिसऱ्या दिवशी कातडी फाटली. रुपयाएवढी जखम. तिला काही दुखत नव्हतं. तेच वाईट होतं.

डॉक्टरबाईंनी सांगितलं, बसायचं नाही. पाच मिनिटंसुद्धा नाही. निदान सहा आठवडे. न ऐकलंत तर हाडापर्यंत जाईल आणि मग महिने मोजाल, वर्षही मोजाल.

पहिला प्रयोग अठरा दिवसांवर होता.

भाऊ दारात उभा राहून म्हणाला, "झालं समाधान?" तिने उत्तर दिलं नाही. मी पहिल्यांदाच तिला उत्तर न देताना पाहिलं. एक पूर्ण दिवस ती भिंतीकडे तोंड करून पडून होती. जेवली नाही. मी खुर्चीत बसलो आणि ती गादी मला आठवत राहिली. माझ्या हातात होती. मी ती परत तिच्या खाली सरकवू शकलो असतो.

दिग्दर्शक भेटायला आला. अगदी हळू आवाजात म्हणाला, ताई, तब्येत पहिली. पुढच्या नाटकाला बघू. या वेळी त्या दुसऱ्याला करू दे.

"हळू बोलू नकोस. मी अजून मेले नाही," ती भिंतीकडूनच म्हणाली. मग मान वळवली. "आणि मला फोन दे."

तिने सगळ्यांसमोर डॉक्टरबाईंना फोन लावला. स्पीकर चालू ठेवला.

"बसायचं नाही. बरोबर?"

"बरोबर."

"पालथं झोपलं तर?"

"उत्तम. जखमेवर भार येत नाही."

"किती वेळ?"

रोज थोडं थोडं वाढवा, त्या म्हणाल्या. छातीखाली उशी, गुडघ्यांखाली मऊ काहीतरी, पायांची बोटं कडेबाहेर मोकळी. सवय झाली की तीन तास चालेल. अधूनमधून कातडी बघायची.

"आणि हात? हातांनी काम केलं तर?"

"घरात काय काम काढलंत?"

"घरात नाही. नाट्यगृहात."

भावाने कपाळाला हात लावला. मग डॉक्टरबाई म्हणाल्या, की ज्यांना बसता येत नाही अशा रुग्णांसाठी एक पालथं झोपायची ट्रॉली असते. रुग्ण स्वतः हातांनी चाकं फिरवतो. त्यांच्याकडे एक जुनी, गंजलेली, मागच्या खोलीत पडून होती. "तिला तेल घालावं लागेल," त्या म्हणाल्या. "आणि रोज संध्याकाळी जखमेचा फोटो मला पाठवायचा. केसभर वाढली तरी सगळं बंद. हे कबूल असेल तर बोला."

"कबूल."

ट्रॉली आली. साडेसहा फूट लांब, दोन फूट रुंद. सुताराने तेल घातलं, स्पंज बसवला. पहिल्या दिवशी ती पालथी वीस मिनिटं टिकली. मान धरली, श्वास लागला, शिव्या दिल्या. बाराव्या दिवशी दोन तास चाळीस मिनिटं. नाटक सव्वादोन तासांचं. रोज वहिनीने फोटो काढला. जखम वाढली नाही.

राहिला नाट्यगृहाचा व्यवस्थापक. ट्रॉलीचं ऐकून तो म्हणाला, वाट अडते. मी शेवटच्या रांगेच्या तीन खुर्च्या काढायचा नकाशा दाखवला. वाट पूर्ण मोकळी राहत होती. मग म्हणाला, नियमात बसत नाही. मग खरं काय ते म्हणाला. लोक करमणुकीला येतात. मागे असं कोणी आडवं पडलेलं बघून त्यांना कसं वाटेल?

हे बोलताना ती तिथेच ट्रॉलीवर होती, त्याच्या कमरेच्या उंचीवर. कोपरांवर उठली.

"लोक पुढे तोंड करून बसतात. मी मागे आहे. आणि नियमाचं म्हणाल, तर माणूस वर असताना शिडी ढकलू नये हाही इथला नियम होता. वीस वर्षं तुमच्या डोळ्यांदेखत मोडला. माझा कणा मोडला तेव्हाही तुम्ही तिसरी घंटा वेळेवर दिलीत. तेव्हा मला नियम सांगायचा असेल तर खाली वाकून, माझ्या तोंडाकडे बघून सांगा."

तो वाकला नाही. तिसऱ्या दिवशी खुर्च्या मात्र काढलेल्या होत्या.

प्रयोग शनिवारी दुपारी झाला. त्या दिवशी विंगेत दुसऱ्याला बसवून मी तिच्यापाशी थांबलो, संहितेची पानं उलटायला. बोर्ड खालच्या खोक्यावर ठेवला होता. तिचे हात कडेवरून खाली, हनुवटी उशीवर. दर चारपाच मिनिटांनी ती कोपरांवर उठून रंगमंच बघायची, पुन्हा टेकायची. घड्याळ आवाजाऐवजी थरथरणारं आणलं होतं. भाऊ शेजारच्या खुर्चीत ताठ बसला होता. तो नाटक बघत नव्हता.

दुसऱ्या अंकात एक लांब शांतता आहे. नायिका पत्र वाचते, कोणी बोलत नाही, उजेड हळूहळू सरकतो. तेव्हाच तिचे पाय उडाले. ट्रॉलीच्या दांडीवर आदळले. ठण् असा आवाज. पुढच्या दोन रांगा वळल्या.

तिचे हात बोर्डावरून हलले नाहीत. "पाय धर," ती कुजबुजली. "दाबू नकोस. नुसते धर."

मी धरले. ते माझ्या हातांत थरथरत राहिले, मग सैल झाले. वळलेल्या माणसांपैकी एक गृहस्थ अजून बघत होते. ती त्यांना म्हणाली, "काका, नाटक तिकडे आहे." ते वळले. उजेड पत्रावरून नायिकेच्या चेहऱ्यावर गेला, आणि तिथून खिडकीकडे.

प्रयोग संपला तसा दिग्दर्शक धावत मागे आला. लोक अजून उभे राहून टाळ्या वाजवत होते. मला वाटलं, मिठी मारणार.

"शेवटचा अंधार लांबला," तो म्हणाला. आवाज मोठा होता. "दहा मोजेपर्यंत पूर्ण अंधार, दहा काउंट ठरले होते."

"लांबला नाही, लांबवला. नायिका दाराशी पोचायच्या आत तू तिला विझवतोस. बारा हवेत."

"बाराने प्रेक्षक खोकतात."

"खोकू दे. नळीची वेळ झालीय, बाजूला हो."

आम्ही ट्रॉली मेकअपच्या खोलीत नेली. वहिनीने दार लावून घेतलं. भाऊ आणि मी बाहेर उभे राहिलो. दिग्दर्शकही आला. भाऊ दाराच्या कडीकडे बघत होता.

दार किलकिलं झालं. वहिनीचा चेहरा दिसला. "तेवढीच आहे," ती म्हणाली. "लालीपण नाही."

भावाने भिंतीला पाठ टेकली आणि तो खाली बसला. दिग्दर्शकाने खिशातून पुढच्या प्रयोगाचा कागद काढला. बुधवार, दुसरं नाट्यगृह, दाराशी सहा पायऱ्या. त्याने मला विचारलं, सहा पायऱ्यांवरून ट्रॉली न्यायला किती माणसं लागतील?

मी म्हणालो, सहा. आणि हुकूम एकाचाच.

"तो माझा," आतून आवाज आला. "आणि बारा काउंट. लिहून घे, एम.ए."

मी संहितेचं शेवटचं पान उघडलं. दहा खोडले. बारा लिहिले. दिग्दर्शक बघत होता. म्हणाला, अकरा लिही. मी पेनाला टोपण लावलं.